मालकांचा चुंबकपट्टा

माझ्या एका वाक्यापायी पंचाहत्तरीच्या एका बाईचे केस गेले. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि तोंडाला लगाम म्हणून नव्हता. ती बाई आमच्या घरमालकांची आई. मालकांविषयी लिहायचं तर सुरुवात इथूनच केली पाहिजे, नाहीतर मी माझ्या सवयीप्रमाणे गमतीजमती सांगत बसेन आणि मुख्य गोष्ट गिळून टाकेन. गमतीजमती पुष्कळ आहेत, आणि त्या सांगितल्याशिवाय मला राहवणारही नाही.

विलेपार्ल्याला पूर्वेच्या बाजूला मालकांचं दुमजली घर होतं. वर मालक आणि त्यांची आई, खाली आम्ही आणि समोरच्या खोल्यांत एक हेडक्लार्क सहकुटुंब. मागे विहीर, चार नारळ, आणि वारा त्या बाजूचा असला की दुपारभर बिस्किटांच्या कारखान्याचा गोड वास. आम्ही राहायला आलो त्या दिवशी मालक जिन्यात उभे राहून आमचं सामान बघत होते. लोखंडी खाट आत जायला लागली तसे ते भराभर खाली उतरले, खिशातून एक चपटी पितळी डबी काढली आणि ती तळहातावर धरून खाटेभोवती सावकाश फिरले. हमाल डोक्यावरचं ओझं सांभाळत बघत राहिले.

"ही दक्षिणेच्या भिंतीला लावा," मालक म्हणाले. "उत्तरेला लावलीत तर माझ्या टेबलाच्या बरोबर खाली येते. माझी सुई चुकते."

माझे वडील सरकारी कचेरीतले, हुकूम ऐकायची सवय असलेले. त्यांनी खाट दक्षिणेला लावली आणि आईच्या कानाशी पुटपुटले, "वेडा दिसतोय, पण भांडखोर नाही वाटत." तेवढ्यावर आम्ही त्या घरात चौदा वर्षं काढली.

मालक गोदीत कामाला होते. बोटींची होकायंत्रं बिनचूक करणं हे त्यांचं काम. आता सुई उत्तर दाखवते हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं, मग त्यात बिनचूक काय करायचं, असं मी त्यांना एकदा भोचकपणे विचारलं. त्यांनी मला तिथेच ओट्यावर बसवलं. आमच्याच घरातलं तांब्याचं घंगाळ मागून घेतलं, त्यात पाणी भरलं, बुचाच्या तुकड्यावर एक चुंबकी सुई तरंगत ठेवली. सुई हलली, डुलली आणि उत्तरेकडे तोंड करून उभी राहिली. मग त्यांनी आईचा अडकित्ता घंगाळाशेजारी ठेवला. सुई लगेच तिरकी झाली.

"सुई खोटं बोलत नाही," मालक म्हणाले. "पण बोट सगळी लोखंडाची. बोटीचं स्वतःचं लोखंड सुईला खोटं बोलायला लावतं. आणि बोट काही मोडून काढता येत नाही. मग काय करायचं?"

मी म्हटलं, "अडकित्ता उचलायचा."

"तो उचलता आला असता तर मला कोणी नोकरीला ठेवलं असतं का?" ते म्हणाले. आणि त्यांनी खिशातून सुपारीच्या खांडाएवढे दोन चुंबक काढून घंगाळाच्या दुसऱ्या बाजूला ठेवले, मागेपुढे सरकवले. सुई हळूहळू पुन्हा उत्तरेला आली. अडकित्ता होता तिथेच होता. "एका खोट्यासमोर दुसरं मोजून ठेवायचं. मधली सुई खरं बोलायला लागते." मग त्यांनी बोटीवरच्या होकायंत्राच्या दोन अंगांना बसवतात त्या लोखंडी गोळ्यांची गोष्ट सांगितली. डावा आणि उजवा, दोन्ही अगदी सारखे, सारख्याच अंतरावर. "एकाच बाजूला गोळा ठेवलात तर बोट खडकावर," ते म्हणाले आणि घंगाळातलं पाणी तुळशीला ओतून वर गेले. अडकित्ता मात्र आईला परत द्यायला विसरले नाहीत.

कामाचे चुंबक सोडले तर त्यांच्या अंगावर लोखंडाचा कण नसे. शर्टाला लाकडी बटणं, चपला खिळे न मारता शिवलेल्या. घराच्या किल्ल्या उंबऱ्याबाहेरच्या खुंटीला. पाहुणा छत्री घेऊन वर निघाला की जिन्यातूनच आवाज येई, "छत्री खाली." हेडक्लार्कांच्या बायकोच्या केसांतल्या आकड्यांवरूनही त्यांनी एकदा तिला दोन पावलं मागे सरकवली होती. तिने महिनाभर त्यांच्याशी अबोला धरला. त्यांच्या तो लक्षात आला नाही.

त्यांनी लग्न केलं नव्हतं. डोक्यावर कायम काळी टोपी, आणि टोपीखाली तुळतुळीत गोटा. कानामागे सुद्धा एक केस नव्हता. उन्हात विहिरीवर तोंड धुताना ते टोपी काढत तेव्हा खालच्या मजल्यावरून हेडक्लार्क म्हणत, "उजाडलं रे." ते स्वतः चाळिशीच्या आत अर्धे रिकामे झालेले, त्यामुळे त्यांना दुसऱ्याच्या टकलाची भारी मौज वाटे.

ह्याच हेडक्लार्कांनी एकदा कुठूनशी एक जाहिरात कापून आणली. चुंबकाचा कमरपट्टा बांधा, पोट, पाठ, अशक्तपणा सगळं बरं. मालकांचं मत घ्यायला ते वर गेले. ती जाहिरात मालकांनी दोन बोटांत धरून वाचली आणि म्हणाले, "मी तीस वर्षं रोज चुंबक खिशात घालून हिंडतोय. कमरेला चुंबक बांधून काही होत असतं तर मी आत्तापर्यंत पैलवान झालो असतो." आणि जाहिरात उलटी करून मागच्या कोऱ्या बाजूला त्यांनी कसलंतरी गणित मांडायला घेतलं. हेडक्लार्क हात हलवत खाली आले.

मी हे मुद्दाम सांगते आहे. चुंबकाने माणसाचं काही होत नाही हे मालकांना आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त पक्कं ठाऊक होतं.

त्यांच्या आईला आम्ही आजी म्हणत असू. तांबडं आलवण, म्हणजे त्या पिढीच्या विधवांना नेसावं लागे ते जाड लुगडं, आणि पदर कपाळाच्या खाली ओढलेला. चोविसाव्या वर्षी नवरा गेला, तेव्हापासूनचा वेष. सोवळं कडक. आमच्या घरचं शिजवलेलं त्या घेत नसत, फळ तेवढं चाले. दर पंधरा दिवसांनी सकाळी त्यांच्याच कोकणातल्या गावचा न्हावी मागच्या अंगाने येई. त्या वेळी परसातलं दार लागलेलं असे आणि खालच्या बायका विहिरीवर जायचं टाळत. कोणी त्याबद्दल बोलत नसे. पार्ल्यात तोवर आलवणातल्या बायका फार उरल्या नव्हत्या. नव्या मुली त्यांच्याकडे वळून बघत आणि मग बघितल्याबद्दल लाजत.

मालक एवढे हट्टी गृहस्थ, पण आईपुढे आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. तिने "हे नको" म्हटलं की नको. हेडक्लार्क त्यांना एकदा म्हणाले होते, "अहो, सुधारणेचे दिवस आहेत, आईंना सांगा आता हे सगळं सोडायला. तुमच्या शब्दाबाहेर नाहीत त्या." मालक म्हणाले, "तिला तोंडावर सांगितलं तर ती अजून दोन उपास वाढवेल." आणि विषय संपवला.

मग एका दिवाळीच्या सुमाराला आजींना घेरी यायला लागली. डोकं दुखे, भिंत धरून चालत. डॉक्टर येऊन गेले. आणि थोड्याच दिवसांत मालक वरच्या गॅलरीत सुईदोरा घेऊन बसलेले हेडक्लार्कांना दिसले. मांडीवर खादीची पट्टी, तिला लहान लहान कप्पे, आणि एकेका कप्प्यात सुपारीएवढा चुंबक. टाके घट्ट घालत होते. पट्टीची लांबी बघता ती डोक्याला बांधायची हे उघड होतं. विचारलं तेव्हा मालकांनी नुसतं "आहे एक काम" म्हणून पट्टी मांडीखाली सरकवली.

संक्रांतीच्या दिवशी सकाळी मालक विहिरीवर आले, टोपी काढली, आणि हेडक्लार्क "उजाडलं" म्हणायला तोंड उघडून तसेच राहिले. मी आमच्या दारातून बघत होते. मालकांच्या डोक्यावर केस होते. पांढरे-काळे, दाट, अंगठ्याच्या पेराएवढे, कपाळापासून मानेपर्यंत सगळीकडे. साठीला टेकलेल्या माणसाच्या गोट्यावर. मी जन्मात इतकी दचकले नव्हते. हेडक्लार्क भानावर येऊन म्हणाले, "मालक, हे काय हो?" मालकांनी चटकन टोपी घातली. "काही नाही," म्हणाले, आणि अर्धं तोंड तसंच न धुता वर गेले.

तासाभरात सगळ्या घराने दोन अधिक दोन केलं. पट्टा शिवला, केस आले. जाहिरातीला हसणाऱ्या मालकांनी गुपचूप स्वतःवर प्रयोग केला होता आणि तो फळाला आला होता.

माझी त्या वेळची अवस्था सांगते. दिवाळीआधी मला विषमज्वर झाला होता. जगले वाचले, पण दोन महिन्यांनी केस जायला लागले. फणी फिरवली की फणी भरे. उशीवर, ताटात, पुस्तकात केस. संक्रांतीपर्यंत माझं डोकं असं झालं की मधून मधून कातडी दिसे. कॉलेजला मी डोक्यावरून पदर घेऊन जात होते आणि मैत्रिणी बिचाऱ्या माझ्या डोळ्यांत बघून बोलायचा कसून प्रयत्न करत. घाटकोपरच्या एका घरून मला बघायला यायचं ठरलं होतं, ते आईने दोनदा पुढे ढकललं. मी आरसा भिंतीकडे फिरवून ठेवला होता. मला जगण्याचा कंटाळा आला होता, हे आज लिहायला हास्यास्पद वाटतं. तेव्हा वाटत नव्हतं.

आई त्याच संध्याकाळी मला घेऊन वर गेली. "माझ्या मुलीलाही तसा एक पट्टा द्या," म्हणाली आणि माझा पदर मागे सरकवला. मालकांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. आत आजींच्या स्तोत्राचा आवाज चालू होता. ते हळू म्हणाले, "ताप येऊन गेलेल्याचे केस आपोआप येतात, वहिनी."

"तुमचे कुठे आपोआप आले?" आईने विचारलं.

त्यांनी आतल्या दाराकडे एकदा बघून घेतलं आणि म्हणाले, "आठवड्याने देतो." पट्टा द्यायला ते स्वतः खाली आले. माझ्या कपाळाला बांधून कानामागे गाठ कशी मारायची ते दाखवलं. मग आईला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "एक अट आहे पोरी. माझ्या आईपाशी ह्या पट्ट्याचं अक्षर काढायचं नाही. केसांचं तर नाहीच नाही."

मी म्हटलं, "शप्पथ."

मी चौकशीसुद्धा केली नाही का ते. म्हाताऱ्या सोवळ्या बाईला कशाला असल्या गोष्टी, एवढाच अर्थ मी लावला.

फाल्गुनात माझ्या डोक्यावर लव आली. चैत्र लागेपर्यंत तीच लव दोन बोटं लांब झाली, मऊ, किंचित कुरळी. मी आरसा पुन्हा फिरवला आणि त्याच्यासमोरून हलेना. बातमी अर्थातच फुटली. मी एकट्या आजींना सोडून सगळ्या पार्ल्याला सांगितलं होतं. रविवारी जिन्याखाली टकलांची रांग लागायला लागली. मुलुंडहून एक मास्तर आले, बोरिवलीहून एक गवई आले, हेडक्लार्क तर घरातलेच. मालक वैतागून गेले. कुणाला नाही म्हणण्यासाठी कारण द्यावं लागतं आणि कारण त्यांना देता येत नव्हतं, हे मला तेव्हा कळत नव्हतं. मग त्यांनी अटी घालायला सुरुवात केली. पट्टा बांधून रोज दोन तास उत्तरेकडे तोंड करून उभं राहायचं. ह्या काळात लोखंडी तव्यावरचं खायचं नाही. मास्तरांना सांगितलं, पट्टा असेपर्यंत खोटं बोललात तर चुंबक उतरतो. मास्तर विचारात पडले आणि पुन्हा आले नाहीत. हेडक्लार्क मात्र रोज सकाळी उत्तरेच्या भिंतीकडे तोंड करून उभे असत आणि त्यांची बायको तव्याशिवाय पोळी भाजायची कशावर म्हणून मागून ओरडत असे.

चैत्रात आईने हळदीकुंकू केलं. बायकांनी घर भरून गेलं. जी ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत होती, "अगं बाई, कसे दाट आलेत" म्हणत होती. मी हवेत होते. आजी अर्थात ह्यात नव्हत्या. हळदीकुंकवाला त्यांना कोण बोलावणार? त्या मागच्या पायरीवर वाती वळत बसल्या होत्या. आईने माझ्याकडे कलिंगडाच्या फोडी दिल्या, "आजींना नेऊन दे, फळ चालतं त्यांना."

मी फोडी दिल्या. आजींनी पदराखालून माझ्याकडे बघितलं आणि कौतुकाने म्हणाल्या, "आले गं बाई तुझे केस. देवाने बघितलं तुझ्याकडे."

आणि मी बोलले. मला आजही ते माझ्या आवाजात ऐकू येतं. "देवाने कसलं, आजी? तुमच्या मुलाच्या चुंबकाच्या पट्ट्याने आले. केस यायचाच पट्टा आहे तो. मालकांना नाही का आले?"

आजींच्या हातातली वात तशीच राहिली. "केस यायचा?" त्यांनी विचारलं.

"हो ना."

त्यांनी डावा हात पदराखाली घातला. कानामागे चाचपडल्या, आणि एक पट्टी ओढून बाहेर काढली. खादीची, कप्प्याकप्प्यांची, हुबेहूब माझ्यासारखी. ती ओढताना पदर मागे घसरला. आजींच्या डोक्यावर केस होते. पांढरेशुभ्र, चार बोटं लांब, सावरीच्या कापसासारखे हलके, वाऱ्याने हलत होते. मी त्यांना आयुष्यात कधी पदराशिवाय पाहिलं नव्हतं, आणि पदराखाली केस असतील अशी कल्पना तर स्वप्नातही केली नव्हती. त्या केसांनी त्या एकदम कुणाच्या तरी आजीसारख्या दिसत होत्या. रस्त्यात दिसतात तशा कुठल्याही आजीसारख्या.

क्षणभरच. त्यांनी पदर ओढून घेतला. "मला घेरीचा म्हणून सांगितलान त्याने," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, उलट बसला होता. "म्हणाला, चुंबकाचं औषध चालू आहे तोवर डोक्याला वस्तरा लावायचा नाही, लोखंडाने गुण जातो. सहा महिने न्हावी बोलावला नाही मी. औषधापायी वाढले तर तो दोष औषधाचा. मुद्दाम वाढवले तर तो माझा, कळलं का?"

मी म्हटलं, "आजी, मला माहीत नव्हतं."

"तुझं काही नाही त्यात. न्हाव्याला निरोप पाठव, उद्या सकाळी ये म्हणावं. तुझे वडील त्याच्या दारावरूनच स्टेशनला जातात ना?"

कलिंगडाची फोड त्यांनी तशीच बाजूला ठेवली. घरात बायका हसत होत्या.

दिवेलागणीला मालक गोदीतून आले तेव्हा मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले होते. सगळं सांगितलं. रडत, हुंदके देत, सगळं. ते रागावतील, हात उगारतील, म्हणून मी अंग चोरून बसले होते. त्यांनी किल्ल्या खुंटीला अडकवल्या आणि माझ्या शेजारी पायरीवर बसले.

"निरोप पाठवलास?"

"नाही. नाही पाठवणार. तुम्हीच समजवा ना त्यांना."

"पाठव," ते म्हणाले. "ती मागतेय ते द्यायला हवं. समोरून ढकललं तर ती मोडेल, पण वळणार नाही."

त्यांनी टोपी काढून हातात फिरवली. मग माझ्याकडे न बघता बोलायला लागले. "मी आठ वर्षांचा होतो. दार लावलं होतं, फटीतून दिसत होतं. वेणी इतकी लांब, की न्हाव्याने ती उचलून दोनदा गुंडाळली आणि टोपलीत टाकली. आई खाली मान घालून बसली होती, आणि आतूनच मला विचारत होती, जेवलास का रे? पन्नास वर्षं झाली. तिला कसं सांगू हे नको म्हणून? तिने त्या एका गोष्टीवर सगळा जन्म उभा केलाय. ते चूक होतं म्हटलं की तिचा जन्मच चूक. म्हणून म्हटलं, एका खोट्यासमोर दुसरं ठेवून बघू. सहा महिने तरी टिकलं."

मी विचारलं, "म्हणजे चुंबकाने केस येत नाहीत?"

"कुणाचेच येत नाहीत."

"माझे?"

"तुझे तापामुळे गेले, तू बरी झालीस म्हणून आले. मी तुझ्या आईला तेव्हाच सांगितलं होतं."

"मग तुमचे कसे आले?"

त्यांनी टोपी डोक्यावर घातली आणि वर निघून गेले.

निरोप मी पाठवला. स्वतःच्या हाताने चिठ्ठी लिहून वडिलांच्या खिशात घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी न्हावी मागच्या अंगाने आला. एरवी त्या वेळी मी परसाकडे फिरकले नसते, त्या दिवशी विहिरीच्या कट्ट्याआड जाऊन उभी राहिले. मला वाटत होतं की जे मी केलं ते मी बघितलंच पाहिजे. परसाचं दार उघडं होतं. मालक ते लावायला गेले तेव्हा आजी पाटावरून म्हणाल्या, "राहू दे उघडं. आता कुणापासून लपवायचंय?" आणि त्यांनी पदर खाली घेतला.

न्हाव्याचे हात थबकले. त्याने मालकांकडे बघितलं. मालकांनी मान हलवली. मग वस्तऱ्याचा आवाज तेवढा येत राहिला. पांढरे केस पाटाभोवती पडत गेले, इतके हलके की काही पडेनात, उडून नारळाच्या आळ्याकडे जात. मालक शेजारी उभे होते, पाण्याचा तांब्या धरून. आजींनी मधेच विचारलं, "चहा घेतलास का रे?" मालक म्हणाले, "घेतला." मी कट्ट्याचा दगड दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

झालं. आजी उठून न्हाणीकडे गेल्या. न्हाव्याने वस्तरा धुतला, पुसला, पुन्हा पट्ट्यावर घासला, आणि रोजच्या गोष्टीसारखं म्हणाला, "मालकांनू, बसतास मां?"

मालकांनी टोपी काढली. सहा महिन्यांचे ते दाट, करडे केस, ज्यांच्यासाठी मुलुंडहून माणसं येत होती. आणि ते आईच्या पाटावर, आईच्या केसांत बसले.

माझ्या तोंडून काहीतरी आवाज निघाला असावा. न्हाव्याने वळून मला पाहिलं. "काय झाला गो?" तो म्हणाला. "आईंचा झाला की मालक बसतत. सोळा वर्सांचे होते तेव्हापासून. आधी माझो बापूस करी, आता मी. तुका काय वाटला, त्यांका टक्कल होता?"

पन्नास वर्षांतली चाळीसहून जास्त वर्षं, दर पंधरा दिवसांनी, आईच्या पाठोपाठ. आम्ही सगळे त्या गोट्याला हसत होतो. मीही हसले होते, "उजाडलं" म्हटलं की सगळ्यांत मोठ्याने.

न्हाणीच्या दारातून आजींचा आवाज आला. त्या परत आल्या होत्या, डोक्यावर ओला पदर. "तुझे राहू दे रे आता," त्या म्हणाल्या. "बरे दिसतात तुला." इतक्या वर्षांत त्यांनी ह्या बाबतीत त्याला पहिल्यांदा काही म्हटलं असावं, कारण न्हावीसुद्धा वस्तरा धरून थांबला.

मालक मान खाली घालूनच म्हणाले, "दोन्हीकडे सारखे गोळे लागतात, आई." आणि न्हाव्याला, "चालू दे."

आजी तिथेच उभ्या राहिल्या, त्याचं सगळं होईपर्यंत. मग केरसुणी घेऊन दोघांचे केस त्यांनी स्वतः गोळा केले.

मी घरात येऊन कपाळावरचा पट्टा सोडला. गाठ सुटेना तेव्हा कात्रीने कापला. आईने विचारलं, काय झालं, चेहरा असा का? मला सांगता आलं नाही. मी, जिला दुधाचा भाव वाढला तरी चार घरी सांगितल्याशिवाय चैन पडत नसे.

रविवारी हेडक्लार्क विहिरीवर होते. मालक आले, टोपी काढली, आणि गोटा पूर्वीसारखा चकाकला. हेडक्लार्क हबकले. मालक वर गेल्यावर ते धावत आमच्या दारात आले, पट्टा अजून डोक्याला बांधलेलाच. "अगं, मालकांचे सगळे केस गेले. एका आठवड्यात. हे कसं झालं?"

सगळं घर माझ्याकडे बघत होतं, कारण पट्ट्याच्या बाबतीत मी जाणती.

"पट्टा काढला की जातात," मी सांगितलं. "मुळापासून जातात. तुम्हीही काढून टाका काका, आहेत तेवढे तरी राहतील."

हेडक्लार्कांनी घाईघाईने गाठ सोडली. पुढच्या रविवारी जिन्याखाली कोणी आलं नाही. मालकांना हे कुणीतरी सांगितलं असणार, कारण दोन दिवसांनी ते आमच्या दारात आले आणि हात पुढे केला. मी माझा कापलेला पट्टा दिला. त्यांनी एकेका कप्प्यातून चुंबक काढून मोजून खिशात घातले आणि रिकामी खादीची पट्टी माझ्याकडे परत केली.

"वेणीला होईल," म्हणाले.

माझे केस पुढे कमरेपर्यंत वाढले. मालकांना टक्कल नव्हतं, हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं.